धुराची वाट

नरकचतुर्दशीची आंघोळ आटोपून पोरे फराळाच्या ताटावरून उठली, की अंगणात पहिला मान भुईचक्राचा असतो. फुलबाजीचा धूर एका अंगाने जातो, बाणाचा मागे जातो. भुईचक्राच्या धुराला मात्र अशी ठरलेली दिशा नाही. ते स्वतःभोवती गरगरते आणि ठिणग्या, धूर, जळकी दारू सगळे चहूकडे फेकते. वाकून पाहणाऱ्या पोराच्या डोळ्यांत त्यातले थोडे जातेच, आणि मग आतून आईचा ओरडा ऐकू येतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीआधी माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, भुईचक्रावर माणूस बसवला तर तो उडेल का?" वर्ग हसला. मीही त्याला खाली बसवले. घरी जाताना मनाला लागून राहिले, की मुलाचा प्रश्न वेडा नव्हता आणि माझेच उत्तर आळशी होते. माणसाने हा उद्योग केलेला आहे. भुईचक्रासारखे फिरणारे एंजिन विमानाच्या तोंडाला बांधून माणसे आकाशात गेली, लढली आणि पुष्कळशी मेलीही. पुढे 'फिरते एंजिन' हेच नाव घेऊन एक निराळेच यंत्र आले, आणि आज परसात, गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी विमान बांधणारे काही हौशी लोक तेही विमानाला लावतात. दोन्ही एंजिनांची कुळे वेगळी, गावे वेगळी. पण दोघांनीही माणसाला एकाच प्रश्नावर घाम फोडला. धूर जायचा कोठून?

पहिले एंजिन फ्रान्समधले. लुई आणि लोराँ सेगँ या दोघा भावांनी १९०८ साली पॅरिसजवळच्या आपल्या कारखान्यात ते तयार केले. नाव ठेवले नोम. सात सिलिंडर ताऱ्याच्या किरणांसारखे गोल मांडलेले, ताकद पन्नास अश्वशक्ती, वजन अवघे पंचाहत्तर किलोच्या आसपास. इथवर विशेष काही नाही. विशेष पुढे आहे. आपल्या माहितीच्या एंजिनात सिलिंडर जागच्या जागी राहतात आणि आतला दांडा फिरतो. सेगँ बंधूंनी दांडाच विमानाला घट्ट आवळून टाकला आणि सिलिंडरांचे सगळे बिऱ्हाड त्याच्याभोवती फिरत ठेवले. पंखा त्या बिऱ्हाडालाच बोल्टांनी जखडलेला. जात्याची खुंटी धरून ठेवून जाते फिरवावे, तसला प्रकार.

हे उलटे डोके कशासाठी? त्या काळची विमाने सायकलीच्या दुप्पटतिप्पट वेगाने जाणार. तेवढ्या वाऱ्याने एंजिन थंड होईना. पाण्याने थंड करावे तर पाणी, टाकी, नळ्या यांचे ओझे. सिलिंडरच हवेत गरगरू लागले तर वारा आपोआप लागतो. शिवाय एवढे जड चाक फिरत असल्यावर निराळे गतिचक्र नको, आणि धक्के बसत नाहीत. कल्पना अगदीच नवी होती असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी १८८९ साली दाबलेल्या हवेवर चालणारे असे छोटे एंजिन करून पाहिले होते. पण सेगँ बंधूंनी ते पोलादात कोरून काढले. सिलिंडर ओतलेला नव्हे, अखंड निकेल-पोलादाच्या ठोकळ्यातून कातून काढलेला. भिंत दीड मिलिमीटर जाडीची! १९०९ च्या ऑगस्टात रँसला विमानांचा मोठा मेळा भरला, तेव्हा आँरी फार्मान याने ऐन वेळी आपल्या विमानाचे जुने एंजिन उतरवून नोम चढवले आणि तीन तासांहून अधिक वेळ हवेत राहून १८० किलोमीटर कापले. दुसऱ्या दिवसापासून युरोपात ज्याला त्याला नोम पाहिजे होते.

आता धुराकडे येऊ. साध्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाला नळी जोडतात, नळ्या एकत्र आणतात आणि धूर मागे नेऊन सोडतात. मोटारसायकलचा सायलेन्सर हा त्याचाच भाऊबंद. पण सिलिंडरच मिनिटाला अकराशे-बाराशे फेरे घेत असतील, तर त्यांना नळी जोडणार कशी? जोडली तरी तीही फिरणार. म्हणून सेगँ बंधूंनी नळीचा विचारच सोडला. सिलिंडरच्या बाहेरच्या टोकाला झडप. ती उघडली की जळका वायू ज्वाळेसकट थेट आकाशात. सात सिलिंडर, सात उघडी तोंडे, आणि सगळी गरगरणारी. भुईचक्रच ते.

नुसता धूर असता तरी चालले असते. पण त्याबरोबर तेल येई, आणि तेल कसले, तर एरंडेल!

आपल्याकडच्या एका पिढीला हा शब्द ऐकूनच तोंड वाकडे करण्याची सवय आहे. रविवारी सकाळी नाक दाबून पाजलेले एरंडेल, वर कोरा चहा, आणि दिवसभर घराबाहेर पडायची बंदी. तेच एरंडेल या एंजिनाचे वंगण होते. कारण साधे आहे. या एंजिनात पेट्रोलची वाफ पोकळ दांड्यातून आत येई आणि सगळ्या यंत्राच्या पोटातून हिंडून सिलिंडरात शिरे. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळते, म्हणजे वंगण धुऊन निघणार. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही आणि तापले तरी चिकटपणा सोडत नाही. पण एकदा गेलेले तेल परत येत नसे. फिरत्या सिलिंडरांनी ते बाहेर फेकले जाई आणि अर्धवट जळून धुराबरोबर विमानावर, पंखांवर, वैमानिकाच्या तोंडावर उडे. शंभर अश्वशक्तीचे पुढचे नोम एंजिन तासाला दोन गॅलनांहून अधिक तेल खाई. चित्रांतले ते जुने वैमानिक गळ्याला रेशमी रुमाल गुंडाळतात तो निव्वळ ऐट म्हणून नव्हे. चष्म्यावरचे तेल पुसायला तो लागे. आणि तासन् तास तो धूर पोटात गेल्यावर व्हायचे तेच होई, असे जुने वैमानिक सांगत. त्याची फोड घराघरांत वाचल्या जाणाऱ्या अंकात करीत नाही.

इथे आपला संबंध येतो. त्या काळी जगाला एरंडी पुरवण्यात हिंदुस्थान आघाडीवर होता. पहिले महायुद्ध पेटले आणि औषधाच्या कपाटातली ही वस्तू एकाएकी लढाईचे सामान झाली. १९१८ साली अमेरिकन सरकारने फ्लॉरिडा आणि आसपासच्या दक्षिणी प्रांतांतल्या शेतकऱ्यांना मुद्दाम एरंड लावायला सांगितले. जर्मनांची नाकेबंदी झाली होती. त्यांच्या फोकर विमानांनाही फिरतीच एंजिने, पण एरंडेल मिळेना. कृत्रिम तेल वापरून पाहिले, तर शेवटच्या उन्हाळ्यात एंजिने हवेत जळू लागली. आपल्या परसातल्या ज्या झाडाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, त्याच्यावाचून शत्रूची विमाने जमिनीला खिळली, हे वाचून मला तरी त्या रविवारच्या चमच्याबद्दल थोडा आदर वाटला.

दोस्तांच्या बाजूला एरंडेल होते; पण धुराचा प्रश्न होताच. इंग्रजांचे सॉपविथ कॅमल हे नावाजलेले विमान घ्या. हरदितसिंग मलिक हा रावळपिंडीचा शीख तरुण हेच विमान लढाईत चालवी, पगडीवर बसेल असे खास शिरस्त्राण करवून घेऊन. त्याच्या नाकावर ॲल्युमिनियमचे गोल टोपण असे, आणि ते खालच्या बाजूला मोकळे ठेवलेले असे. शोभेचे वाटणारे ते टोपण म्हणजेच या एंजिनाचे धुराडे होते. चहूकडे उडणारा धूर आणि तेल त्याने अडवायचे आणि खालच्या फटीतून पोटाखाली सोडायचे.

पण टोपणाने एक नवे संकट आणले. मोनोसूपाप नावाच्या, १९१३ साली निघालेल्या नोम एंजिनाचा वेग कमीजास्त करायची नीट सोय नव्हती. उतरताना वेग कमी करायचा तर वैमानिक बटण दाबून ठिणगीच तोडी. सोडले की पुन्हा चालू. म्हणून ती विमाने उतरताना भ्रर्र-थांब-भ्रर्र असा आवाज करीत. पण ठिणगी तोडली तरी पेट्रोल आत येतच राही. ते न जळता झडपांतून बाहेर पडे आणि टोपणात साचे. मग बटण सोडले, ज्वाळा बाहेर आल्या, की टोपणातले पेट्रोल भडके. लाकूड, कापड आणि वर रोगण लावलेले विमान, आणि ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिलेले नसे. धुराला नीट वाट नसली म्हणजे काय होते याचा हा पहिला धडा. त्याची किंमत देणारी पोरे वीस-बावीस वर्षांची होती.

युद्ध संपले आणि हे एंजिनही संपले. ताकद वाढवावी तर फेरे वाढणार, फेरे वाढले तर हवा कापण्यातच निम्मी ताकद जाणार. सिलिंडर पुन्हा स्थिर झाले, नळ्या आल्या, धूर शहाण्यासारखा मागे जाऊ लागला. न्यूझीलंडमध्ये अजून काही वेडे लोक जुन्या नमुन्यावर नवे मोनोसूपाप घडवतात, जुन्या विमानांच्या प्रतिकृती करणारे ते घेतात, आणि एरंडेल अजूनही तसेच उडते.

आता दुसरे एंजिन. याचा जनक फेलिक्स वांकेल. १३ ऑगस्ट १९०२ रोजी जर्मनीत काळ्या जंगलाजवळच्या लार या गावी जन्मला. बाप जंगलखात्यात, तो १९१४ साली युद्धाच्या पहिल्याच महिन्यांत मारला गेला. आईने एकुलत्या एका पोराला घेऊन हायडेलबर्ग गाठले. शाळेची शेवटची परीक्षा न देताच शिक्षण सुटले, कॉलेजचे तोंड पाहायला मिळाले नाही. (या बाबतीत मी त्याच्या एक पायरी पुढे आहे; मॅट्रिक झालो आहे. पुढचे साम्य नाही.) पुस्तकांच्या दुकानात, कोठारात नोकरी आणि संध्याकाळी मित्रांबरोबर एका खोलीत ठाकठोक. डोळे इतके अधू, की मोटार चालवण्याचा परवाना त्याने जन्मात काढला नाही. सतराव्या वर्षी त्याला स्वप्न पडले म्हणतात, की आपण अर्धे टर्बाइन आणि अर्धे दट्ट्याचे अशा एंजिनाच्या मोटारीतून गाणे ऐकायला चाललो आहोत. स्वप्नाचे राहू द्या. १९२९ साली त्याने पहिले पेटंट घेतले हे खरे.

त्याच्या चरित्रात एक काळा डाग आहे आणि तो लपवून पुढे जाणे बरे नव्हे. वांकेल तरुणपणीच हिटलरच्या पक्षात शिरला होता. पुढे प्रांताच्या पुढाऱ्याशी त्याचे वाजले आणि १९३३ साली, पक्षाचेच राज्य आले असताना, त्याला लारच्या तुरुंगात काही महिने काढावे लागले. सुटला तोही वरच्या ओळखीवर. मग त्याच राजवटीच्या विमानखात्याने त्याला लिंडाऊ येथे सरोवराकाठी कारखाना काढून दिला आणि युद्धभर तो विमानांच्या एंजिनांसाठी फिरत्या झडपा करीत बसला. १९४५ साली फ्रेंच आले, कारखाना उचलून नेला आणि त्याला कैदेत टाकले. १९४६ साली तो सुटला तेव्हा हात रिकामे होते आणि डोक्यात तेच एक एंजिन.

१९५१ साली नेकार्सुल्मच्या एनएसयू या मोटारसायकल कंपनीशी त्याचा करार झाला आणि १ फेब्रुवारी १९५७ रोजी पहिले वांकेल एंजिन चालले. त्याची रचना सांगतो. भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग उभी चिरावी, तसा कंबरेत किंचित आवळलेला पोकळ गाळा. त्यात फुगीर बाजूंचा एक तिकोनी दट्ट्या. तो वर-खाली जात नाही; डुलत डुलत फिरतो. त्याची तीन टोके गाळ्याच्या भिंतीला सतत घासत राहतात आणि टोकांमधल्या तीन खोल्या फिरता फिरता लहानमोठ्या होतात. एका खोलीत पेट्रोलची वाफ शिरते, दुसरीत ती दाबून पेटते, तिसरीतून धूर बाहेर पडतो. झडप नाही, दट्ट्याचे हिसके नाहीत. पाण्यासारखे चालते.

मौज अशी, की वांकेलच्या पहिल्या एंजिनात बाहेरचा गाळासुद्धा फिरत होता, नोमसारखाच! ठिणगीचे प्लग बदलायचे तर सारे एंजिन खोलावे लागे. कंपनीतल्या हान्स डीटर पाश्के या अभियंत्याने १९५८ साली गाळा स्थिर केला आणि फक्त तिकोन फिरता ठेवला. वांकेल चिडला, माझ्या शर्यतीच्या घोड्याचा तुम्ही नांगराचा घोडा केलात, अशा अर्थाचे बोलला म्हणतात. पण नांगराचाच घोडा जगात चालला.

परवाने घ्यायला रांग लागली. राईट बंधूंचे नाव पोटात बाळगणारी अमेरिकेतली कर्टिस-राईट ही विमानांची कंपनी पहिल्यांत होती. जपानात हिरोशिमाच्या माझदाने परवाना घेतला. १९६३ साली केनिची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस अभियंते बसवले; जपानी लोककथेतल्या धन्यासाठी प्राण देणाऱ्या सत्तेचाळीस वीरांशी लोक त्यांची तुलना करू लागले. अडचणी दोन. तिकोनाची टोके गाळ्याच्या भिंतीवर ओरखडे काढीत; त्यांना ते 'सैतानाची नखे' म्हणत. दुसरी अडचण धुराचीच. तेल आत झिरपून जळे आणि गाडीमागे पांढरा लोट निघे. पाठीवरच्या मोळीला आग लागलेल्या लबाड प्राण्याची एक जपानी गोष्ट आहे, तिचे नाव त्यांनी त्या गाड्यांना देऊन टाकले. हसत हसत काम करणारी माणसे मला आवडतात. टोकांना कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाच्या पट्ट्या बसवल्या, तेलाच्या कड्या सुधारल्या, आणि १९६७ साली माझदाची कॉस्मो गाडी रस्त्यावर आली. त्याच वर्षी एनएसयूनेही आपली आर-ओ ८० काढली. पण तिच्या पट्ट्या टिकेनात आणि एंजिने बदलून देता देता कंपनी खंगली. १९६९ साली ती औडीत विलीन झाली.

आणि विमाने? इथे घरी विमान बांधणाऱ्यांची ओळख करून दिली पाहिजे. ही जात जुनी आहे. १९०९ साली पॅरिसमध्ये सांतोस-द्युमों याने आपल्या 'देम्वाझेल' या बांबूच्या चिमुकल्या विमानाचे नकाशे ज्याला हवे त्याला मोकळे करून दिले होते. १९५३ साली अमेरिकेत मिलवॉकीला पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी लोकांचा संघ काढला. १९७० पासून ओशकोशला त्यांची दर उन्हाळ्यात जत्रा भरते. आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले, २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणी झाली. ज्याने गच्चीवर नुसता पाण्याची टाकी चढवायचा उद्योग केला आहे, त्याला या माणसाच्या चिकाटीची कल्पना यावी.

विमान घरी बांधता येते. एंजिन बांधता येत नाही. विमानासाठी पसंत केलेले एंजिन म्हणजे घराचे कर्ज. म्हणून अमेरिकेतल्या या मंडळींची नजर भंगारवाल्याकडच्या माझदा गाड्यांवर गेली. त्यांतले '१३-बी' हे दोन तिकोनांचे एंजिन आकाराने लहान आणि भरवशाचे. त्यात तुटणारी झडप नाही. टोकाची एखादी पट्टी गेली तरी ते एकदम अडकून पडत नाही, लंगडत का होईना घरी आणते. दोन हजार फूट उंचीवर हा गुण फार मोठा आहे. दांडा मिनिटाला सहा हजार फेरे घेतो, ते पंख्याला झेपत नाहीत, म्हणून मध्ये दातेरी चाके घालून वेग उतरवतात. पाणी थंड करायला रेडिएटर बसतो. इथवर कोणीही चिकाटीने पोहोचतो. मग धुराची नळी लावायची पाळी येते.

विमानाच्या साध्या एंजिनाचा दांडा मिनिटाला २७०० फेरे घेतो आणि प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा धूर सोडतो. म्हणजे त्या नळीला सेकंदाला बावीस-तेवीस ठोके बसतात. वांकेल एंजिनात प्रत्येक तिकोन दांड्याच्या दर फेऱ्याला एकदा धूर सोडतो. म्हणजे सहा हजार फेऱ्यांना एकाच तोंडातून सेकंदाला शंभर ठोके. नळीला दम खायला फुरसत नाही. शिवाय झडप असती तर ती हळूहळू उघडली असती. इथे तिकोनाचे टोक भोकावरून सरकले, की दार एकदम सताड उघडते आणि दाबलेला वायू फटाक्यासारखा बाहेर येतो. म्हणून या एंजिनाचा उघडा आवाज नुसता मोठा नाही, कानात घुसणारा असतो. आणि तिसरी गोष्ट उष्णतेची. जळण्याची खोली लांबट, चपटी आणि सारखी सरकणारी; ज्वाला तिच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत बाहेर जायची वेळ होते. पेट्रोल नळीतच जळत राहते. धूर ९०० अंश सेल्सिअसच्या वर जातो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि एंजिनाचा गाळा ॲल्युमिनियमचाच आहे! म्हणून त्या भोकात पोलादाची नळी बसवतात आणि शेजारून पाणी खेळवतात; तेवढ्यावर ते टिकते.

मोटारीत या आगीचा माझदाने उपयोगच करून घेतला. धूर आधीच इतका तापलेला, की त्यात थोडी हवा सोडली की न जळलेले विषारी वायू नळीजवळच्या एका डब्यात आपोआप जळत. अमेरिकेने धुराचे कडक कायदे केले तेव्हा ही युक्ती कामी आली. पुढे १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल नळीत जाळणे कोणाला परवडेना, ती गोष्ट निराळी.

विमानात तो डबा कुठे लटकवणार? पहिल्यांनी साध्या पोलादाच्या नळ्या लावल्या; त्या लाल होत, खपल्या धरत आणि काही तासांत भोके पडत. गंज न चढणारे पोलाद लावले. ते तापून-निवून आणि थरथरून सांध्याजवळ चिरे. मोटारीच्या सायलेन्सरमध्ये काचेची लोकर भरलेली असते. हे एंजिन ती फुंकून बाहेर काढी आणि आतले पत्रे तोडी. तुटलेला पत्रा बाहेर पडला तर ठीक. आतच आडवा पडला तर धुराची वाट बंद, आणि ज्याला बाहेर पडता येत नाही तो वायू नव्या वायूला आत येऊ देत नाही. ताकद उतरते, आणि खाली बहुधा शेत नसून कोणाचे तरी घर असते.

बर्ट रुटान यांच्या 'लाँग-ईझी' जातीच्या विमानात तर पंखा मागे असतो. तिथे नळीचा तुकडा सुटला तर तो सरळ फिरत्या लाकडी पंख्यात जाणार. शिवाय हे विमान काचेच्या तंतूंचे आणि राळेचे. लाल नळी जवळ आली की राळ मऊ पडते. म्हणून नळी आणि अंग यांच्यात पत्र्याची ढाल, ढालीला हवा, हवेला पुन्हा वाट. शहाणे पुढे निकेलच्या 'इन्कोनेल' या मिश्रधातूकडे वळले. त्यात साठेक टक्के निकेल आणि वीसेक टक्के क्रोमियम. तो तापूनही ताठ राहतो, पण वाकवायला हट्टी आणि विकत घ्यायला महाग. काहींनी टर्बो बसवला. त्याचे चाक धुराचे ठोके गिळते आणि आवाज आपोआप उतरतो. २००३ साली माझदाने स्वतःच धुराचे भोक बाजूच्या भिंतीत नेले, तेव्हा त्या नव्या एंजिनाचा फटका बराच सौम्य झाला. नळीचे सांधे घट्ट न जोडता एकमेकांत सरकते ठेवायचे, हे बहुतेकांना पहिली नळी तुटल्यावरच कळले असावे.

या सगळ्यात एक गोष्ट मला राहून राहून चमत्कारिक वाटते. जगातला हा कर्कश आवाज ज्या एंजिनाचा, तेच लॉकहीड कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस आवाज न करणाऱ्या विमानाला लावून पाहिले होते! रात्री शत्रूच्या डोक्यावरून ऐकू न जाता हेरगिरी करायची होती. ग्लायडरवरून बेतलेल्या त्या 'क्यू-स्टार' विमानाला कर्टिस-राईटचे १८५ अश्वशक्तीचे वांकेल एंजिन, मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा आणि धुराला भलाथोरला सायलेन्सर. एंजिन आपोआप सुरळीत चालणारे, त्यामुळे धडधड नाहीच. उरला तो नुसता धुराचा फटका, आणि त्याला पुरेशी लांब, रुंद वाट दिली की तोही निवतो. व्हिएतनामला मात्र पुढे दुसऱ्या एंजिनाचे विमान गेले.

धुराच्या आवाजापेक्षा न येणाऱ्या वासाची भीती अधिक. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधल्या नाँतहून कार्डिफला निघाला होता. छोटे विमान ग्वेर्नसीजवळ समुद्रात कोसळले. त्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ५८ टक्के निघाले. तपासात निष्पन्न झाले, की धुराच्या नळीतून वायू आत शिरला होता आणि वैमानिकालाही बहुधा त्यानेच ग्रासले होते. एंजिन साधे, विमान कारखान्यात बनलेले. बऱ्याच छोट्या विमानांत बैठक उबदार ठेवायला धुराच्या नळीभोवती डबा बसवून त्यातली गरम हवा आत घेतात. नळीला केसाएवढी चीर गेली की ऊब आणि विष एकाच झरोक्यातून येतात. वांकेलवाल्यांना इथे एक सवलत आहे. त्यांचे एंजिन पाण्याने थंड होणारे, म्हणून ऊब त्या पाण्याची घेता येते. तरी पुढच्या पत्र्यातली तारांची भोके बुजवावी लागतात, आणि वीज खाणारा एक लहान सूचक डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

वांकेल ९ ऑक्टोबर १९८८ रोजी हायडेलबर्गला वारला. १९९१ साली त्याच्या एंजिनावर माझदाच्या गाडीने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. त्या गाडीची किंकाळी ज्यांनी ऐकली ते तिचे वर्णन अजून करतात. घरी विमान बांधणारे तसल्या किंकाळीच्या मागे नाहीत. त्यांची रीत अशी, की उडण्याआधी एंजिनावरचे झाकण उघडायचे, हातबत्ती घेऊन वाकायचे आणि नळीच्या प्रत्येक सांध्याभोवती पाहायचे. जिथून धूर चोरून निसटला असेल तिथे भस्मासारखा करडा-पांढरा ओघळ उमटलेला असतो. बोटाने पुसायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उमटला आहे का ते पाहायचे. उमटला असेल तर त्या दिवशी उडायचे नाही. नळी काढून वेल्डरकडे न्यायची.